आयपॉडच्या पोटातली चकती

२००१च्या फेब्रुवारीत ॲपलचे हार्डवेअर-प्रमुख जॉन रुबिनस्टाइन जपानमध्ये होते. तोशिबाच्या इंजिनिअरांशी नेहमीची बैठक चालू होती आणि बैठक संपता संपता त्यांनी एक नवी हार्ड डिस्क पुढे केली. १.८ इंची, पण क्षमता ५ जीबी. बनवली होती खरी, पण ती घालायची कशात, हे तोशिबालाच अजून नीट सुचलेलं नव्हतं. स्टीव्ह जॉब्झ तेव्हा टोकियोतच होते. रुबिनस्टाइननी त्यांना गाठलं आणि एक कोटी डॉलरचा चेक मागितला. आठ महिन्यांनी, २३ ऑक्टोबर २००१ रोजी, ३९९ डॉलर किमतीचा पहिला आयपॉड लोकांपुढे आला.

म्हणजे आधी डिस्क आली, मग तिच्याभोवती यंत्र उभं राहिलं. आणि आज जुना आयपॉड हाती लागला, की हौशी मंडळी तो उघडून पहिल्यांदा काढून टाकतात ती नेमकी हीच डिस्क. तिच्या जागी मेमरी कार्ड बसतं आणि वीस वर्षांपूर्वीचं यंत्र कुरकुर न करता गायला लागतं. हे जमतं कसं आणि कुठे अडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण अडतं ते सहसा डिस्कपाशी नाही, भलत्याच ठिकाणी.

पहिल्या आयपॉडची जाहिरात ‘खिशात हजार गाणी’ अशी होती. हिशेब सरळ आहे. गाणं चार मिनिटांचं आणि एमपी३चा दर सेकंदाला १६० किलोबिट धरला, तर एक गाणं ४.८ एमबी होतं. हजार गाणी ४.८ जीबीत बसतात. अर्थात हा हिशेब पॉप गाण्यांचा. अर्ध्या तासाचा ख्याल त्याच दराने ३६ एमबी घेतो, म्हणजे आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याच्या खिशात एकशे चाळीसही मावले नसते. तरी त्या काळी एक कॅसेट आणि वॉकमन घेऊन एसटीत बसणाऱ्याला तेवढंही चैनीचंच वाटलं असतं.

खरी करामत मात्र साठवणुकीत नव्हती, विजेत होती. मिनिटाला ४२०० फेरे घेणारी चकती सतत फिरवत ठेवली, तर खिशात मावणारी बॅटरी पाहता पाहता रिकामी होईल. शिवाय चालताना बसणारे धक्के. म्हणून आयपॉडमध्ये ३२ एमबीची वेगळी मेमरी ठेवली होती. आपल्या सोसायटीत पंप तासभर चालवून गच्चीवरची टाकी भरतात आणि मग दिवसभर पंप बंदच असतो, तसाच हा प्रकार: डिस्क काही सेकंद जागी होते, पुढची गाणी मेमरीत ओतते आणि झोपी जाते. १६० किलोबिटच्या दराने मिनिटाला १.२ एमबी लागतात, त्यामुळे एका भरण्यात वीसेक मिनिटांची सोय होते. शांत खोलीत आयपॉड कानाशी धरला, तर मधूनच बारीक घरघर ऐकू यायची आणि विरून जायची, ती या भरण्याची.

यात एक मेख होती. सीडीच्या दर्जाचं, काही न गाळता साठवलेलं संगीत मिनिटाला पाचेक एमबी खातं. मग तीच मेमरी पाच-सहा मिनिटांत आटते, डिस्कला पुन्हा पुन्हा उठावं लागतं आणि बॅटरी भराभर उतरते. ॲपलने २००४ साली स्वतःचं एएलएसी हे बिनगळतीचं रूप आणलं खरं, पण जो चांगलं ऐकायला जाईल त्याला चार्जर जवळ बाळगावा लागे.

डिस्कची क्षमता पुढच्या सहा वर्षांत ५ जीबीवरून १६० जीबीवर गेली, त्यामागे मोठं भौतिकशास्त्र आहे. चकतीवरचा प्रत्येक बिट म्हणजे चुंबकत्वाचा एक सूक्ष्म ठिपका. ठिपके जितके लहान, तितकं त्यांचं चुंबकत्व क्षीण, आणि ते ओळखणारं वाचक-टोक तितकंच तल्लख लागतं. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांना स्वतंत्रपणे असं आढळलं, की काही अणूंइतके पातळ धातूचे थर एकावर एक रचले, तर जरासं चुंबकीय क्षेत्र बदलताच त्यांचा विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलतो. या परिणामाचं नाव जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स. १९९७ साली आयबीएमने त्यावर चालणारी वाचक-टोकं डिस्कमध्ये आणली. २००५ साली तोशिबाने आणखी एक पाऊल टाकलं: चकतीवर आडवे निजवलेले बिट उभे केले, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त बसतात. या पद्धतीची बाजारात आलेली पहिली डिस्क १.८ इंचीच होती. २००७च्या सप्टेंबरात १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आला आणि पुढच्याच महिन्यात फेर आणि ग्र्युनबर्ग यांना भौतिकीचं नोबेल जाहीर झालं. एखाद्या शोधाची प्रचीती लोकांच्या खिशात असतानाच त्याला नोबेल मिळावं, असं क्वचितच घडतं.

मग उतार लागला. फोनमध्येच गाणी आली, फ्लॅश मेमरी स्वस्त झाली आणि १.८ इंची डिस्क मागणारं कुणी उरलं नाही. ९ सप्टेंबर २०१४ रोजी क्लासिक ॲपलच्या दुकानातून गुपचूप नाहीसा झाला. त्याचे भाग आता जगात कुठेच मिळत नाहीत, असं कारण टिम कुक यांनी पुढच्या महिन्यात सांगितलं. पुरवठ्याच्या बाबतीत ते खरं असेल. पण भाग मिळत नसतील तर दुसरे बसवता येतात, हे तोवर हौशी लोकांनी दाखवून दिलेलंच होतं.

आपल्या कपाटातल्या आयपॉडची डिस्क कोणत्या अवस्थेत आहे, हे तो न उघडताही कळतं. मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. पडदा काळा होऊन सफरचंद दिसलं, की लगेच मधलं आणि मागे जाण्याचं बटण धरा. एक रुक्ष, कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेला मेन्यू उघडतो. त्यात आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा असं जायचं. तिथे ‘रिॲलॉक्स’ पुढचा आकडा म्हणजे डिस्कने बाद ठरवून राखीव जागेवर हलवलेले तुकडे, आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ म्हणजे जे अजून बाद झालेले नाहीत पण ज्यांचा भरवसा नाही असे. पहिला आकडा लहान आणि महिनोन्‌महिने तेवढाच राहत असेल, तर चालवून घ्यावं. दुसरा वाढत असेल, तर त्या डिस्कचे दिवस भरले. वाचक-टोक चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं; धुळीचा एक कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. पडलेला, आपटलेला, वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये निपचित पडलेला आयपॉड कट्‌ कट्‌ आवाज काढू लागतो, तो टोकाला आपली जागा सापडत नाही म्हणून.

कार्ड बसतं कसं, याचं उत्तर आयपॉड आणि डिस्क यांच्यातल्या बोलण्यात आहे. आयपॉड डिस्कला चकती किती फिरव, टोक कुठे ने, असं काही सांगत नाही. तो फक्त म्हणतो, अमुक क्रमांकाचा तुकडा दे. डिस्क ५१२ बाइट आणून देते. या बोलीचं नाव एटीए, आणि ती ॲपलची खासगी नव्हे. त्या काळच्या घरोघरच्या संगणकातही तीच होती. त्यामुळे त्या तारांच्या टोकाला चकती आहे की सिलिकॉन, याची आयपॉडला खबरच नसते. बोली समजणारी एक चिप मध्ये घातली, की झालं.

हे पहिल्यांदा सोपेपणाने जमलं ते २००४च्या आयपॉड मिनीत. त्यातली एक इंची मायक्रोड्राइव्ह कॅमेऱ्यात घालायच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्याच आकाराची आणि जोडणीची होती. ती काढायची आणि कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड खोचायचं, बस्स. मोठ्या आयपॉडना अडॅप्टर लागतो. २००५च्या व्हिडिओ मॉडेलपासून पुढे डिस्क सहसा ४० संपर्कांच्या चपट्या रिबनने जोडलेली असते. त्या रिबनला बसणाऱ्या आणि दुसऱ्या टोकाला एसडी किंवा मायक्रोएसडी कार्ड घेणाऱ्या बारक्या पाट्या ऑनलाइन मिळतात. काहींत एक कार्ड जातं, काहींत चार. चार कार्डांची पाटी ती सगळी जोडून एकच लांबलचक डिस्क असल्याचं भासवते, त्यामुळे त्यातलं एक रुसलं तरी सगळा संग्रह अडतो. मला विचाराल तर एकच मोठं कार्ड घ्यावं.

आता अडतं कुठे ते पाहू. पहिली भिंत पत्त्यांची. तुकड्याचा क्रमांक २८ बिटांत लिहायचा असेल, तर जास्तीत जास्त २६,८४,३५,४५६ क्रमांक होतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर सुमारे १३,७४४ कोटी बाइट, म्हणजे संगणक ज्याला १२८ जीबी म्हणतो तेवढे. २००७चा ८० जीबीचा आणि २००८चा १२० जीबीचा क्लासिक ॲपलच्या मूळ फर्मवेअरवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या अंगभूत प्रोग्रामवर, या मर्यादेपलीकडे जात नाहीत. ५१२ जीबीचं कार्ड घालून बसलात, तर पैसे वाया. गंमत म्हणजे त्यांच्या आधीचं २००५-०६चं व्हिडिओ मॉडेल आणि नंतरचा २००९चा १६० जीबीचा क्लासिक, या दोघांना ही अडचण नाही. जुना आयपॉड घेताना मागच्या पत्र्यावर कोरलेला मॉडेल क्रमांक आणि क्षमता पाहूनच सौदा करावा, तो यासाठी.

दुसरी भिंत आणखी आत आहे. गाण्यांची यादी, म्हणजे नाव, गायक, अल्बम, हे सगळं आयपॉड आपल्या कामाच्या मेमरीत उचलून ठेवतो. व्हिडिओ मॉडेलच्या ३० जीबीच्या आवृत्तीत ही मेमरी ३२ एमबी आहे, ६० आणि ८० जीबीच्या आवृत्त्यांत ६४ एमबी. अनुभव असा, की पहिलीत वीसेक हजार गाण्यांनंतर आणि दुसरीत पन्नासेक हजारांनंतर आयपॉड गांगरतो. मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. कार्डावर जागा भरपूर शिल्लक असते, पण यादी मावत नाही. त्यातही नावं जितकी लांब तितकी यादी जड. आपल्याकडे एकेका ध्वनिमुद्रणाच्या नावात राग, ताल, विलंबित-द्रुत, साथीला कोण, मैफल कुठली, असा अख्खा बायोडेटा लिहिणारे संग्राहक आहेत. ते इथे लवकर अडतात. तरी ख्याल अर्धा-अर्धा तास चालत असल्यामुळे वीस हजार नगांपर्यंत पोचणं त्यांनाही कठीणच.

या दोन्ही भिंती ओलांडायचा मार्ग रॉकबॉक्स. स्वीडनमधल्या काही प्रोग्रामरांनी २००१ साली आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू केलेलं हे मुक्त फर्मवेअर पुढे आयपॉडवरही आलं. ते फोल्डर उघडून थेट गाणं वाजवू शकतं, त्यामुळे यादीवर फार काही अवलंबून राहत नाही. ॲपलच्या मूळ फर्मवेअरला न चालणारं फ्लॅक हे बिनगळतीचं रूपही ते वाजवतं. दिसायला मात्र ते इंजिनिअरांनी इंजिनिअरांसाठी केल्यासारखं आहे, आणि चाकावर बोट फिरवण्याची मूळची लज्जत त्यात तशी येत नाही.

उघडण्याच्या कामाला हात घालण्याआधी मॉडेलची निवड पुन्हा एकदा महत्त्वाची. व्हिडिओ मॉडेलचा पुढचा भाग प्लॅस्टिकचा आणि मागचा स्टीलचा. प्लॅस्टिक थोडं दबतं, त्यामुळे फटीत पातळ प्लॅस्टिकची पट्टी किंवा गिटारची पिक सरकवत नेली, की आतल्या खाचा टक्‌ टक्‌ करत सुटत जातात. २००७ नंतरच्या क्लासिकला पुढेही ॲल्युमिनियम आहे. तिथे धातूवर धातू इतका घट्ट बसलेला असतो, की बहुतेक वेळा पाठीचा काठ वाकतोच आणि पुन्हा कधी सरळ होत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने क्लासिकच्या वाटेला जाऊ नये. स्क्रूड्रायव्हर तर नकोच. खाली बॅटरी असते आणि लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं तर आगीशी गाठ आहे. बॅटरी फुगलेली दिसली, तर काम तिथेच थांबवून ओळखीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

पाठ सुटली, की हावरेपणाने ओढायची नाही. पुढचा आणि मागचा भाग दोन बारीक रिबननी एकमेकांना धरून असतात: एक बॅटरीची, एक हेडफोनच्या खाचेची. बॅटरीच्या रिबनचं कुलूप म्हणजे बोटाच्या नखाएवढीही नसलेली पट्टी. ती एक-दोन मिलिमीटर वर उचलायची, मग रिबन आपसूक निघते. पट्टी उपटून हातात आली, तर मात्र रिबन धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि नवं यंत्र शोधावं लागतं. बॅटरीची रिबन सुटली, की दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडतात. मध्ये रबराच्या गाद्यांत बसवलेली डिस्क दिसते. या गाद्या धक्के झेलण्यासाठी. डिस्कची रिबन सोडवून तीच अडॅप्टरला लावायची. ती कोणत्या बाजूने वर होती, हे काढण्याआधी फोनवर टिपून ठेवावं. अडॅप्टर हलू नये म्हणून खाली फोमचा तुकडा. डिस्क गेल्यामुळे आत चांगलीच मोकळी जागा झालेली असते. जाड पाठीच्या मॉडेलमध्ये तर मूळच्या कित्येक पट क्षमतेची बॅटरी बसते. चकती फिरवण्याचा खर्च गेला आणि बॅटरीही वाढली, त्यामुळे वाजण्याचा काळ एकदम लांबतो. सीडीच्या दर्जाच्या गाण्यांचा जो दंड पूर्वी पडायचा, तोही जवळपास माफ होतो.

त्या स्टीलच्या पाठीविषयी एक. सुरुवातीच्या आयपॉडच्या पाठी जपानमधल्या निगाता प्रांतातल्या त्सुबामे गावच्या कारागिरांनी हाताने घासून आरशासारख्या केलेल्या होत्या. चमच्या-काट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव ते. त्या चकाकीवर रुमालाचाही ओरखडा उठतो. आज बाजारात नव्या, गुळगुळीत पाठी मिळतात आणि लोक हौसेने बदलतात. मला ओरखड्यांची मूळ पाठच बरी वाटते. पण तो आवडीचा प्रश्न.

कार्ड घेताना डोळे उघडे ठेवावेत. पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन दुकान, खोट्या क्षमतेची कार्डं सगळीकडे फिरतात. ३२ जीबीच्या कार्डाच्या कंट्रोलरला फसवून ते २५६ असल्याचं सांगायला लावलेलं असतं. संगणकही विश्वास ठेवतो. ३२ भरेपर्यंत सगळं सुरळीत, त्यापुढचं सारं शून्यात. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे फुकट प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात. तासन्‌तास लागतात, पण आयपॉड बंद करण्याआधी ही परीक्षा घेतलीच पाहिजे. नाहीतर नंतर पुन्हा सगळं उघडावं लागतं.

पाठ पक्की दाबून बंद करण्यापूर्वीच संगणकाला जोडून पाहायचं. विंडोजवर आयट्यून्स आणि २०१९ नंतरच्या मॅकवर फाइंडर त्याला ओळखतो आणि ‘रिस्टोअर’ करायला सांगतो. कोऱ्या कार्डावर ॲपलचं फर्मवेअर चढतं. विंडोजवर केलं तर फॅट३२, मॅकवर केलं तर मॅकची रचना. रॉकबॉक्स लावायचा विचार असेल, तर विंडोजवर करावं. गाणी भरणं हे मात्र सावकाशीचं काम. यूएसबी २.० जोडणी, त्यात आत कार्ड आणि आयपॉड यांच्यात दुभाष्याचं काम करणारी चिप. सेकंदाला १० एमबीचा वेग धरला, तरी १०० जीबीला पावणेतीन तास लागतात.

आवाजाचा वाद इथे टाळता येणार नाही. व्हिडिओ मॉडेलमध्ये एडिंबरोच्या वुल्फसन कंपनीची ध्वनी-चिप आहे, क्लासिकमध्ये सिरस लॉजिकची. वुल्फसनचा आवाज उबदार, भरदार, असं तिचे भक्त सांगतात आणि त्यापायी जुनी व्हिडिओ मॉडेलं महागात विकली जातात. दोन्ही चिपा आपापल्या जागी चांगल्या आहेत. हेडफोन बदलल्याने पडणारा फरक या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि कोणता आयपॉड वाजतोय हे लपवून ऐकवलं, तर किती भक्त टिकतील याची मला शंका आहे. बाकी सिरसने २०१४ साली वुल्फसनच विकत घेतली, तेव्हा हा वाद आता घरातलाच म्हणायचा. कार्डामुळे आवाज सुधारतो, हा दावा तर अजिबात पटणारा नाही. बिट तेच, चिप तीच. गेली असेल तर फक्त ती घरघर.

काढलेली डिस्क फेकायची घाई करू नये. ती अजून फिरत असेल, तर तिच्यातली गाणी परत मिळतात, आणि कधी कधी तीच एकमेव प्रत असते: एखाद्या काकांनी कॅसेटवरून संगणकावर घेतलेली खासगी मैफल, मूळ कॅसेट केव्हाच बुरशीला गेलेली. गाणी ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतात, एफ००, एफ०१ अशा क्रमाच्या उपफोल्डरांत विखुरलेली, आणि प्रत्येकाचं नाव निरर्थक चार अक्षरांचं. बघणाऱ्याला वाटतं, सगळा सावळागोंधळ आहे. पण खरं नाव, गायक आणि अल्बम फाइलीच्या आत टॅगमध्ये लिहिलेले असतात. सगळी फोल्डरं जशीच्या तशी संगणकावर उतरवून आयट्यून्समध्ये टाकली, की टॅगवरून यादी पुन्हा लागते. ज्यांना टॅग दिलेलेच नव्हते, ती तेवढी एकेक ऐकून ओळखावी लागतात.